तांबं खाणारं पाणी

मी एक जुना निळा ड्रम आहे. प्लास्टिकचा, कमरेइतका उंच, बुडाशी एका बाजूने चेपलेला. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. माझी गोष्ट ऐकून तुमच्यापैकी कोणाला राग आला, तर येऊ द्या. मला तर तो कधीचाच आलेला आहे.

माझा जन्म १९९८ सालचा. घाटावरच्या एका कारखान्यात पातळ, गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि मी झालो. अंगावरचा कढ नीट उतरायच्या आत माझ्यात ॲसिड भरलं. ज्या ॲसिडाने लोखंड गळतं आणि लाकूड करपतं, ते पोटात घेऊन मी गाड्यांमधून फिरलो आणि मला काही झालं नाही. या सहनशक्तीबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही. कारखान्याचं काम संपलं तेव्हा मला भंगारात काढलं. ट्रकच्या टपावरून मी तळेऱ्याच्या नाक्यावर आलो, तिथून एका टेंपोतून मालवणच्या बाजारात, आणि तिथे सहदेव नावाच्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारून मला विकत घेतलं.

सहदेव आंबेवेळचा. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या काठावर हे छोटं गाव आहे. त्याची स्वतःची होडी होती. त्याची बायको तुळसा मालवणच्या मच्छी मार्केटात बसायची. जास्तीचा बांगडा आला की सहदेव तो माझ्यात मीठ लावून भरायचा. त्याचे ते दिवस चांगले होते. आल्यागेल्याला तो सांगायचा, "ह्यो माजो दुसरो झील. पयलो प्रितम, तो उलट उत्तरां देता. ह्यो देणा नाय." अख्ख्या आयुष्यात मला एवढंच कौतुक मिळालं, आणि तेही मुलाला टोमणा मारण्यासाठी. तरी मला ते आवडायचं. सहदेवला तापाने नेलं, होडी विकली गेली आणि मला मागच्या दाराशी, गोठ्याच्या कडेला टाकून दिलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मी तर साधा ड्रम. माझ्यात पावसाचं पाणी साचलं, त्यात डास झाले, आणि डास झाले म्हणून पुन्हा शिव्या मलाच.

होडी गेल्यावर प्रितमने टेंपो घेतला. मालवण, सावंतवाडी, पार गोव्यापर्यंत फिरून तो मेलेले टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल गोळा करून आणायचा. त्यांच्या पोटातली हिरवी पाटी, जिच्यावर बारीक बारीक तांब्याच्या वाटा काढलेल्या असतात, ती त्याला हवी असायची. मागच्या दारी, खाडीच्या कडेला त्याने खड्डा खणला होता. त्यात त्या पाट्या टाकायच्या, रॉकेल ओतायचं आणि पेटवायचं. प्लास्टिक जळून जायचं, तांबं राहायचं. धूर काळा आणि चिकट होता. वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा, माडाच्या झावळ्यांवर काजळी बसायची. सगळ्यात वाईट म्हणजे प्रितमची स्वतःची मुलगी रिया त्या धुराने खोकायची. चार पावलं पळाली की दम लागून बसायची. मी मागच्या दारीच होतो. तिचा खोकला आणि तिच्या बापाचा धूर, दोन्ही मी रोज पाहत होतो, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

सहदेवची मुलगी योगिनी, प्रितमची धाकटी बहीण. ती कॉलेजात जिवाणूंचं शास्त्र शिकून घरी परत आली होती. पहिल्याच आठवड्यात बहीणभावाचं वाजलं.

"दादा, रियाचो खोकलो ऐकतंस मां? ह्या धुरान झालो तो."

"मगे खावचा काय?" प्रितम म्हणाला. "होडी गेली, बापूस गेलो. तुजी पुस्तकां शिजवून घालतंस?"

"तांबा जाळल्याबिगर काडूक येता. पाण्यात."

"पाण्यात मासे गावतत गो, तांबा नाय."

"काडून दाखवलंय तर?"

प्रितम हसला. त्याचं हसू मला कधीच आवडलं नाही. "दाखवलंस त्या दिवशी माजी भट्टी बंद," तो म्हणाला. "रवळनाथाची आण."

रवळनाथ म्हणजे गावचा देव. त्याची आण घेऊन दिलेला शब्द आंबेवेळला कोणी हलका धरत नाही. योगिनीने तो तिथेच पकडला. रियाच्या छातीतली घरघर थांबवायची तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

ती रेडीकडे गेली. तिथल्या एका सोडून दिलेल्या खाणीच्या डबक्यात तांबडं, आंबट पाणी साचलेलं होतं. ते कॅनमध्ये भरून ती एसटीने घेऊन आली. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते लोखंडावर जगतात आणि आंबटात वाढतात. त्यांनी तयार केलेल्या पाण्यात तांबं विरघळतं, जाळावं लागत नाही. हे सगळं ती तुळसाला समजावून सांगायची आणि तुळसा मासे साफ करत दुसरीकडे बघायची. पाणी ठेवायचं कशात, हा प्रश्न आला तेव्हा योगिनी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "हेना ॲसिड खाल्लेला आसा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझा इतिहास कोणीतरी विचारात घेतला होता.

तिने मला भिजत घालून माझ्यातलं मीठ काढलं, कारण मीठ त्या जिवांना सोसत नाही. मग तांबडं पाणी, त्यांच्या खाण्यासाठी बाजारातला लोखंडी क्षार, हिराकस, चिमूटभर खत आणि बॅटरीचं थोडं ॲसिड घालून मला अर्धं भरलं. मासे पाळायच्या काचेच्या पेटीत हवा सोडणारा छोटा पंप असतो, तो लावला. माझ्यात बुडबुडे सुरू झाले. त्या जिवांना श्वास लागतो, मित्रांनो. तुमच्यासारखाच.

पाट्या कुटायला तिने मागच्या दारचं व्हायन घेतलं, म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. तेव्हा तुळसा संतापली. "ह्या व्हायनात तुज्या आजयेन मसालो कांडलो," ती ओरडली, "आणि तू टीव्हीची हाडां कांडतंस?" त्या घरात पुढची दोन वर्षं कोणी कोणाशी धड बोललंच नाही.

पहिल्या वेळी कुटलेल्या पाट्या घातल्या तसे जीव मेले. पाट्यांमध्ये विषही असतं. योगिनीने पुन्हा पाणी उभं केलं आणि या खेपेला चिमूटभरच पूड घातली. ते जगले की आणखी थोडी. पुन्हा मेले तर उरलेल्यांतून पुन्हा वाढवायचे. अशी तिने त्यांना विषाची सवय लावली. दोन वर्षं गेली. पाणी काळ्या चहासारखं दिसायला लागलं आणि माझ्या आतल्या अंगावर तांबूस खरपुडी बसत गेली. कारखान्याचं ॲसिड माझ्यात होतं तेव्हा ते नुसतं पडून असायचं. हे पाणी हलायचं, खायचं, वाढायचं. मला माणसांचा लळा लागत नाही, पण त्या जिवांचा लागला. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

गावाला मात्र मी नकोसा झालो. मुलगी ड्रमात भुतं पाळते, अशी बोलवा झाली. शेजारणीने आमच्या विहिरीचं पाणी नेणं बंद केलं. धुराच्या खड्ड्याबद्दल त्या शेजारणीने कधी चकार शब्द काढला नव्हता, कारण बाजाराला जायला प्रितमचा टेंपो लागायचा. योगिनीला बघायला आलेले कुडाळचे पाहुणे मागच्या दारी हात धुवायला आले, माझ्यात डोकावले आणि चहा न घेताच निघाले. तुळसा त्या दिवशी मला लाथ मारून गेली. माझ्या बुडाशी जो चेप आहे तो त्या लाथेचाच.

आणि मग एका सकाळी पाणी हिरवंनिळं झालं.

योगिनीने थोडं पाणी वाटीत घेतलं आणि त्यात एक लोखंडी खिळा टाकला. चहा पिऊन होईपर्यंत खिळ्यावर लाल तांबं चढलं होतं. पाणी फडक्यातून गाळलं तर फडक्यावर माशाच्या खवल्यांपेक्षा बारीक पिवळे पापुद्रे राहिले. ते सोनं होतं. पाट्यांवर सोन्याचा नुसता मुलामा असतो. खालचं तांबं विरघळलं की तो मोकळा होतो. जाळताना प्रितम हे सोनं राखेत घालवत होता. योगिनीने तो खिळा आणि ते फडकं नेऊन पायरीवर त्याच्यासमोर ठेवलं. तिथे गुरुदास बसलेला होता. हा गावचा मानकरी. देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा.

प्रितमने खिळा उलटसुलट करून पाहिला. "दोन वर्सांत एक खिळो," तो म्हणाला.

"तुया आण घेतलंस," योगिनी म्हणाली.

गुरुदासने मान डोलावली. "घेतल्यान खरी. मी ऐकलंय."

प्रितमचं तोंड कडू झालं. बहिणीपुढे, तेही मानकऱ्यासमोर, मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. "गावपळण होवंदे," तो म्हणाला. "परत इलो काय खड्डो बुजवतंय."

मित्रांनो, गावपळण तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. आमच्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी देव कौल देतो आणि अख्खं गाव रिकामं होतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे वेशीबाहेर जातात. झावळ्यांच्या झोपड्या बांधून तीन दिवस तीन रात्री तिथे राहतात. गावात चूल नाही, दिवा नाही, एक जीव मागे राहायचा नाही. मग देवाची परवानगी घेऊन परत यायचं. या दिवसांत गावात पाऊल टाकलं तर गावावर अरिष्ट येतं, असं आंबेवेळ मानतं. माणसं तिथे मजेत असतात, पत्ते खेळतात, फुगड्या घालतात. तो काही वाईट काळ नसतो. आमच्या घरासाठी तो वाईट ठरला, तो प्रितममुळे.

मीच रिकामा झालो तर शब्द पाळायची पाळी येणार नाही, असा हिशेब करून निघायच्या आदल्या दिवशी तो गुरुदासला आणि आणखी दोन मानकऱ्यांना माझ्यापाशी घेऊन आला.

"काका," तो साळसूदपणे म्हणाला, "ह्येच्यात जीव आसत म्हणान ही सगळ्या गावाक सांगता. मगे ते गावात कसे रवतले?"

गुरुदास वाईट माणूस नव्हता. पण नियम म्हणजे नियम, हे त्याच्या हाडात होतं. "योगिनी," त्याने विचारलं, "खरा काय?"

"मी घेवन जातंय भायर," योगिनी म्हणाली. "दादा, टेंपोत चडवया."

"माज्या टेंपोत ॲसिड चडाचा नाय. पोरां बसतली."

तिने मानकऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा टेंपो, कोणाची हातगाडी मिळेल का म्हणून विचारलं. कोणी पुढे आलं नाही. दारात उभी असलेली तुळसा आत निघून गेली. मी अर्धा भरलेला असलो तरी चार माणसांशिवाय हलणारा नव्हतो, आणि माझ्यासाठी चार माणसं त्या गावात नव्हती.

"कोंबडो मागे ठेवणत नाय, मांजर ठेवणत नाय," गुरुदास म्हणाला. "जीव आसत तर भायर ने. जमणा नाय तर ओतून टाक. गाव रिकामो म्हंजे रिकामो." मग थांबून म्हणाला, "देवाच्या दिशेन हात जोड आणि सांग. ह्येच्यात जीव आसत काय नाय?"

योगिनीने देवळाच्या दिशेने हात जोडले. दोन वर्षं जे ती सगळ्यांना ओरडून सांगत होती, तेच तिला आता गिळायचं होतं.

"नाय," ती म्हणाली. "नुसता पाणी आसा."

माझ्या पोटात ते सगळे जीव वर-खाली होत होते, बुडबुडे फुटत होते, आणि त्यांची आई देवासमोर सांगत होती की तुम्ही नाहीच आहात. ती त्यांना वाचवण्यासाठीच खोटं बोलली हे मला कळत होतं. तरीही मला वाईट वाटलं. प्रितम मिशीत हसत निघून गेला.

सकाळी निघताना योगिनीने पाण्याची एक बाटली माझ्यातून भरून पिशवीत घातली. इथे माझं काही झालंच तर हाताशी असावं म्हणून. तुळसाने पिशवी उघडून पाहिली.

"ह्या कित्याक?"

"रवांदे गो."

"देवाक सांगलंस, जीव नाय म्हणान. मगे बरोबर कोणाक घेतलंस?" तुळसाचा आवाज चढला. "लोकांनी बगल्यानी तर माज्या तोंडात शेण घालतले." आणि तिने ती बाटली माझ्यात उलटी केली. योगिनीने आईचा हात धरला नाही. धरता आला नसता. खोट्याला एकदा देवाची साक्ष लावली की ते पुढे सांभाळावं लागतं. तिने पंप बंद केला, माझं झाकण जरा तिरकं ठेवलं, आणि मला हात लावून ती गुरांच्या मागून चालू लागली.

मग गाव रिकामं झालं. तुम्ही कधी रिकामं गाव ऐकलंय? कुत्रं भुंकत नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही, पाटा वाजत नाही. नुसता खाडीचा आवाज, आणि मधूनच झावळी पडते ती. धूर नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा मागच्या दारच्या माडावर काजळी बसली नाही. मला ते फार आवडलं. माणसं नसली की जग चांगलं चालतं, असं माझं तेव्हा मत झालं आणि ते अजून फारसं बदललेलं नाही. हवा नसल्याने माझ्यातले जीव मंदावत होते. पण तीन दिवस निघतील, एवढा दम त्यांच्यात होता.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी खाडीतून वल्ह्याचा आवाज आला. एक होडी काठाला लागली आणि प्रितम चिखलातून वर आला. त्याने चपला हातात घेतल्या होत्या. चार वेळा मागे वळून पाहिलं त्याने. घाबरलेला होता, हे मला मान्य करायलाच हवं. देवाला तो मानत होताच. "देवा म्हाराजा, चुकी पदरात घे," असं पुटपुटत त्याने गोठ्यातली पहार आणली, माझ्या बुडाखाली घातली आणि मला उलटवलं.

दोन वर्षांचं पाणी लाल मातीत गेलं. मी आडवा पडलो आणि जाता जाता ते पाणी त्याच्या पायांवर, हातांवर, सदऱ्यावर उडवलं. एवढाच सूड मला घेता आला. या पाण्याचा डाग गंजासारखा पिवळट-तांबडा असतो आणि तो साबणाने जात नाही. पंप त्याने पायाखाली चिरडला. मग खाडीवर जाऊन हात घासले, घासघास घासले, आणि होडीत बसून गेला.

गाव परत आलं. योगिनी सगळ्यांच्या आधी मागच्या दारी पोचली आणि मला आडवा पाहून रडू लागली. हळूहळू माणसं जमली. गुरुदासने जमिनीवरचा तांबडा डाग पाहिला आणि हात जोडले. "जा गावात नको होता, ता देवानच ओतल्यान," तो म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. काहींना त्यात समाधानही वाटलं.

कोणीतरी गावात आलं होतं, असं बोलायला योगिनीने तोंड उघडलं असतं तर गावपळण मोडली असं झालं असतं, आणि पहिला प्रश्न तिलाच आला असता की नुसत्या पाण्यासाठी एवढं रडायला काय झालं. तेवढ्यात प्रितमनेच तो विचारला. दोन्ही हात खिशात घालून उभा होता तो. "पाणीच होता मां? तुयाच सांगलंस. पाण्याचा कोण सुतक धरता काय?"

काही लोक हसले. योगिनी हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती त्याच्या खिशांकडे बघत होती.

संध्याकाळी तुळसाने धुणं काढलं. प्रितमचा सदरा हातात आला आणि ती थांबली. योगिनीचे कपडे दोन वर्षं तिनेच धुतले होते, तो डाग तिला दुसऱ्या कोणी दाखवायला नको होता. ती कितीतरी वेळ तो सदरा मांडीवर घेऊन बसली. मग उठून तो चुलीत घातला आणि जळेपर्यंत तिथून हलली नाही. मुलाने गावपळण मोडली हे गावाला कळलं असतं तर त्याला वेशीत कोणी उभं केलं नसतं. आईने त्याला वाचवलं. मुलीसाठी तिने इतक्या वर्षांत काही जाळलं नव्हतं. हे मी रागाने म्हणतोय, आणि बहुधा तिच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तुळसा मासे घेऊन मार्केटात गेल्यावर योगिनी प्रितमसमोर उभी राहिली. तो पायरीवर बसला होता.

"हात दाखवू नको," ती म्हणाली. "माका म्हायत आसा. गावाक मी सांगूचंय नाय."

प्रितमने हात मांडीखाली सरकवले.

"पण तुया पाणी ओतलंस. जीव ओतूक नाय." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आत ती तांबडी खरपुडी दिसता मां? सगळे थंय चिकटान आसत, जिते. म्हयन्याभरात परत पाणी उबा करतंय. पंप हाडूक मालवणाक जातंय आता. तुया सबुद दिलंस दादा. तो पाळ, नायतर रियाकडे बगून सांग, पाळणंय नाय म्हणान."

ती एसटी पकडायला गेली. प्रितम तसाच बसून राहिला. रिया आत खोकत होती.

दुपारी तुळसा मार्केटातून परत आली. आली ती सरळ माझ्याकडे. माशांची पाटी खाली ठेवली, पदर खोचला, आणि मला लोळवत विहिरीपाशी नेलं. चुलीतली राख, नारळाचा काथ्या आणि कपड्यांचा साबण घेऊन ती माझ्यात वाकली. मित्रांनो, तिला मुलीची माफी मागायची होती. शब्दांनी माफी मागणं त्या घरात कोणाला कधी आलंच नाही. म्हणून तिने मला घासायला घेतलं. जिथे तिने लाथ मारली होती, तिथून तिने सुरुवात केली. मग आत. राखेचं पाणी त्या आंबट जिवांना आगीसारखं लागतं. काथ्याने ती खरपुडी खरवडत होती, तिच्या बोटांतून रक्त आलं तरी थांबत नव्हती, आणि रडत होती. कोणी मला इतक्या मायेने कधी हात लावला नव्हता. आणि मला एवढंच वाटत होतं की कोणीतरी तिला थांबवावं.

थांबवणारा तिथेच होता. पायरीवरून प्रितमला सगळं दिसत होतं, आणि सकाळी बहिणीने काय सांगितलं ते त्याच्या कानात ताजं होतं.

"आये," तो एकदा म्हणाला.

तुळसाने मान वर केली. "काय रे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय नाय," तो म्हणाला.

पाणी ओतलं त्या दिवशी त्याच्या अंगात भीती होती, राग होता. त्या पापाला मी एक वेळ समजू शकतो. या दोन शब्दांना नाही.

संध्याकाळच्या एसटीने योगिनी आली. हातात नवा पंप होता. तुळसाने मला अंगणात उन्हात उपडा घालून वाळवलं होतं आणि आता सुलटं करून मधोमध उभं केलं होतं.

"बग," ती म्हणाली. "कसो चकचकीत केलंय. तुजी पिल्लां आता बऱ्या जाग्यात वाडतली."

दोन वर्षांत ती त्यांना पहिल्यांदा पिल्लं म्हणाली. योगिनी माझ्यात वाकली. आत काही नव्हतं. निळं, गुळगुळीत, साबणाच्या वासाचं प्लास्टिक होतं. तिने सरळ होऊन पायरीकडे पाहिलं, तर प्रितम उठून घरात जात होता. मग तिने आईच्या हातांकडे पाहिलं. राखेने बोटं फुटली होती.

"बरा केलंस गो आये," ती म्हणाली.

आत काय मेलं ते तिने आईला कधीच सांगितलं नाही. रेडीची ती खाण मातीने बुजवली गेली, त्यामुळे नवं पाणीही मिळणार नव्हतं. योगिनी आता कुडाळला एका शाळेत शिकवते आणि सणासुदीला येते. आली तरी मागच्या दारी येत नाही. प्रितमने आपला शब्द पाळला, असं तो सांगतो. घरामागचा खड्डा त्याने बुजवला आणि खाडीपलीकडे दुसरा खणला. वारा फिरला की धूर इकडे येतो. रिया खोकायला लागली की तुळसा तिला माझ्यापाशी आणते, माझ्यातलं पाणी तांब्यात घेऊन तिचं तोंड धुते, आणि शेजारणीला सांगते, आमच्या ड्रमासारखा स्वच्छ ड्रम अख्ख्या आंबेवेळात मिळायचा नाही. शेजारीणही आता तेच म्हणते. माझं कौतुक होतं, मित्रांनो, आणि मला ते नको आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. दुसऱ्याची वस्तू प्रेमाने साफ करायला घ्याल, तर आधी त्याला विचारा. आणि कोणी न विचारता घासत असेल, आणि तुम्हाला माहीत असेल की आत काय मरतंय, तर पायरीवर बसून "काय नाय" म्हणू नका.